गव्हाचे पथ्य आणि त्याआधीची तपासणी

(भाषणाचा मजकूर)



रक्तक्षय हा आपल्या राज्यातील आरोग्याचा जुना प्रश्न आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ या वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रासलेल्या आढळल्या. अपुरा आहार, मासिक रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे आणि जंत ही त्याची नेहमीची कारणे होत. लोहाच्या गोळ्यांनी बहुसंख्य स्त्रियांना गुणही येतो. परंतु काही माणसे अशी असतात, की गोळ्यांच्या पुड्यांमागून पुड्या संपतात आणि हिमोग्लोबिन मात्र जागचे हलत नाही. अशा माणसावर ‘गोळ्या नियमित घेत नाही’ असा ठपका येतो. तो पुष्कळदा खराही असतो. पण काही वेळा गोळी नियमाने पोटात जाते आणि तरीही लोह रक्तात पोहोचत नाही, कारण ते शोषून घेणारे आतडेच नादुरुस्त झालेले असते. आतडे असे नादुरुस्त करणाऱ्या विकारांपैकी एक म्हणजे सिलिअक व्याधी. प्रौढ वयात ती कशी ओळखावी आणि ओळखल्यानंतर कसे राहावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

गव्हाच्या कणकेला जो लोच येतो, पोळी लाटताना जी न तुटता पसरते, त्याचे कारण गव्हातील ग्लुटेन हे प्रथिन होय. जवामध्ये आणि राय नावाच्या पाश्चात्त्य धान्यातही त्याचेच भाऊबंद असतात. बहुतेकांच्या पोटात ते निरुपद्रवीपणे जाते. काही व्यक्तींच्या शरीरातील संरक्षक यंत्रणा मात्र त्याला शत्रू समजते आणि त्याच्याशी लढताना आपल्याच लहान आतड्यावर घाव घालते. निरोगी लहान आतड्याचा आतला पृष्ठभाग मखमलीसारखा असतो. त्यावरील अगणित सूक्ष्म अंकुर अन्नरस शोषून घेतात. सिलिअक व्याधीत हे अंकुर झिजतात आणि मखमलीचे जणू गुळगुळीत कापड होते. हा आघात आतड्याच्या आरंभीच्या भागावर सर्वांत अधिक असतो आणि लोह व कॅल्शियम यांचे शोषण मुख्यत्वे तेथेच होते. जुलाबाचा मागमूस नसतानाही रक्त कमी होणे आणि हाडे ठिसूळ होणे का घडते, याचा उलगडा यातून होतो.

येथे एका शब्दाविषयी सांगितले पाहिजे. लोक याला ‘गव्हाचे वावडे’ म्हणतात. शब्द सोयीचा आहे, पण फसवा आहे. वावडे म्हटले म्हणजे पदार्थ खाल्ल्याबरोबर अंगावर गांधी उठणे किंवा घसा सुजणे असे आपल्या डोळ्यांपुढे येते. सिलिअक व्याधी तशी तत्काळ बोलत नाही. आज पोळी खाल्ली आणि काही झाले नाही, म्हणून पोळी सोसते असा निष्कर्ष रोगी काढतो आणि वर्षानुवर्षे नकळत झिजत राहतो.

या व्याधीचे कारण सापडण्याची हकीकत मोठी उद्बोधक आहे. १८८८ साली लंडनचे डॉक्टर सॅम्युएल जी यांनी तिचे स्पष्ट वर्णन केले आणि उपाय सापडलाच तर तो आहारात सापडेल, असे मतही नोंदविले. परंतु आहारातील नेमका कोणता पदार्थ, हे त्यांना उमगले नव्हते. १९२४ साली अमेरिकेत सिडनी हास यांनी रोगी बालकांना केळ्यांवर ठेवण्याचा प्रघात पाडला. मुले सुधारली, आणि श्रेय केळ्यांना मिळाले! वास्तविक ते श्रेय ताटातून नाहीशा झालेल्या पावाचे होते. हे प्रथम ध्यानी आले ते हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांच्या. गव्हाविषयी त्यांना १९३० नंतरच्या दशकातच संशय आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने व्यापलेल्या पश्चिम हॉलंडमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि लोक ट्युलिप फुलांचे कंदही खाऊन राहिले. पाव मिळेनासा झाल्यामुळे सर्वत्र हाल होत असता सिलिअकने आजारी असलेली मुले मात्र बरी दिसू लागली. पुढे विमानांतून पाव आला आणि ती मुले पुन्हा आजारी पडली. डिके यांनी पद्धतशीर प्रयोगांनी हे सिद्ध करून १९५० साली आपला प्रबंध सादर केला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, शस्त्रक्रिया न करता, तोंडावाटे नळी घालून आतड्याचा तुकडा काढण्याची सोय झाली आणि प्रौढांच्या आतड्यातही तेच बिघाड असल्याची खात्री पटू लागली. तोवर हा लहान मुलांचाच रोग मानला जात असे. तो समज अद्यापही पुरता गेलेला नाही.

दुसरा समज असा, की हा गोऱ्या लोकांचा रोग आहे. तोही चूक ठरला आहे. उत्तर भारतातील वस्त्यांमध्ये झालेल्या पाहण्यांतून सुमारे शंभरात एक माणूस सिलिअकग्रस्त असल्याचे दिसून आले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातील प्रौढांची तुलना करण्यात आली. या व्याधीचे निदर्शक प्रतिपिंड रक्तात असण्याचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येस ०.८७ टक्के आणि दक्षिणेत केवळ ०.१० टक्के आढळले. विशेष म्हणजे या व्याधीला अनुकूल असणारे आनुवंशिक गुण तिन्ही प्रदेशांत जवळजवळ सारख्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे एकतृतीयांश लोकांत होते. फरक मोठा होता तो रोजच्या जेवणातील गव्हाच्या प्रमाणात. बीज सर्वत्र पेरलेले असून गव्हाचे पाणी जेथे अधिक तेथे ते अधिक उगवते, असे म्हणण्यास यामुळे जागा आहे. जरी गहू हेच एकमेव कारण नसले तरी. महाराष्ट्राने याचा विचार करावयास हवा. पूर्वी देशावर ज्वारी-बाजरीची भाकरी, कोकणात भात व नाचणी, आणि गव्हाची पोळी बहुतांशी सणावाराला, असा क्रम होता. आता शहरात आणि खेड्यातही पोळी, पाव आणि बिस्किट रोजचे झाले आहे.

प्रौढांमध्ये ही व्याधी किती वेषांतरे करते ते पाहण्यासारखे आहे. जुनाट जुलाब, पोट फुगणे, वजन घटणे ही पाठ्यपुस्तकातील लक्षणे झाली. ती असतील तर संशय लवकर येतो. पण अनेकांना बद्धकोष्ठ असतो, काहींचे वजन तर वाढलेलेही असते. कोणाला केवळ थकवा येतो, कोणाच्या तोंडात वारंवार व्रण उठतात, कोणाच्या हातापायांना मुंग्या येतात. किरकोळ पडण्याने मनगटाचे हाड मोडते. यकृताच्या चाचण्या कारणाशिवाय बिघडलेल्या दिसतात. कोपर, गुडघे आणि पार्श्वभाग यांवर अत्यंत खाज सुटणाऱ्या पुळ्या उठतात व त्यांवर खरजेची मलमे चोळली जातात. स्त्रियांमध्ये वंध्यत्व किंवा वारंवार गर्भपात होण्यामागेही कधी कधी हीच व्याधी असते. मूल होत नाही म्हणून जिला सासरी बोल लावला जातो आणि थकते म्हणून जिला आळशी ठरविले जाते, अशा एखाद्या स्त्रीच्या बाबतीत खरा प्रश्न आतड्याचा असतो, ही गोष्ट ऐकताना विचित्र वाटली तरी खरी आहे. ज्यांना लहानपणापासून इन्सुलिनवर ठेवावे लागणारा मधुमेह आहे, ज्यांच्या गलग्रंथीवर शरीरच हल्ला करते असा विकार आहे, किंवा ज्यांच्या आईवडिलांना, भावंडांना, मुलांना सिलिअक आहे, त्यांनी लक्षणे सौम्य असली तरी तपासणीचा विचार करावा. जवळच्या नातलगांत हे प्रमाण साधारणपणे बारा-पंधरा जणांत एक इतके आढळते.

आता निदानाकडे वळू. येथे क्रम महत्त्वाचा आहे आणि तो चुकला की सारेच चुकते. प्रथम तपासणी, मग पथ्य. उलट कधीही नाही.

पहिली पायरी रक्ताच्या तपासणीची. टिश्यू ट्रान्सग्लुटॅमिनेज हे आपल्याच शरीरातील द्रव्य. सिलिअक रोग्याचे शरीर याच द्रव्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करते, हे १९९७ साली जर्मनीतील संशोधकांनी दाखवून दिले आणि तपासणी सुलभ झाली. प्रयोगशाळेच्या भाषेत तिला टीटीजी-आयजीए म्हणतात. तिच्याबरोबरच रक्तातील एकूण आयजीए मोजणे इष्ट असते. काही माणसांच्या शरीरात हा प्रतिपिंडवर्ग जन्मतःच नसतो आणि सिलिअक रोग्यांमध्ये अशांचे प्रमाण शेकडा दोन-तीन असते. त्यांच्यात टीटीजी-आयजीए खोटाच निर्दोष येतो व वेगळ्या वर्गाची तपासणी करावी लागते.

दुसरी पायरी दुर्बिणीच्या तपासणीची. तोंडावाटे लवचिक दुर्बीण घालून जठराच्या पुढील लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातून नखाएवढेही नसलेले तुकडे घेतात. झीज सलग नसते, कोठे असते कोठे नसते, म्हणून किमान चार तुकडे, आणि त्यांखेरीज अगदी तोंडाशी असलेल्या भागातून एक-दोन, घेण्याची पद्धत आहे. या तुकड्यांना बायॉप्सी म्हणतात. बायॉप्सी हा शब्द ऐकताच आपल्याकडे कर्करोगाची भीती मनात येते आणि काही जण तपासणीच टाळतात. येथे तो हेतू नसतो. तुकडे घेताना फारशी वेदना होत नाही आणि रोगी बहुधा त्याच दिवशी घरी जातो. लहान मुलांत रक्तातील प्रतिपिंड अतिशय वाढलेले असतील व आणखी एका तपासणीने त्याला दुजोरा मिळाला तर बायॉप्सीवाचूनही निदान करण्याची मुभा आता देण्यात आली आहे. काही देशांत निवडक प्रौढांनाही ती मिळू लागली आहे. आपल्याकडे प्रौढांत तुकडा तपासणेच शहाणपणाचे, कारण अंकुर झिजविणारे इतर रोगही येथे आहेत. उष्ण प्रदेशातील संग्रहणीचा एक प्रकार, आतड्यातील जंतुसंसर्ग, क्षयाने झालेला आतड्याचा विकार, रक्तदाबावरील एखादे औषधसुद्धा, अशा अनेक कारणांनी सारखे चित्र उमटू शकते. क्षयाच्या रोग्याला गहू बंद करून घरी पाठविले तर अनर्थ होईल. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेने २०१६ साली या व्याधीच्या निदान व उपचारांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत.

या दोन्ही तपासण्या होईपर्यंत रोग्याने नेहमीप्रमाणे गहू खात राहिले पाहिजे. ग्लुटेन बंद झाले की प्रतिपिंड हळूहळू ओसरतात, अंकुर भरून येऊ लागतात आणि तपासणीत काहीच सापडत नाही. सध्या नेमका हाच घोटाळा वाढला आहे. कोणी मोबाइलवरील चलच्चित्र पाहून, कोणी वजन उतरविण्याच्या नादाने, कोणी शेजाऱ्याच्या सल्ल्याने गहू सोडतो. पोटाला हलके वाटते, कारण पोट फुगण्याची तक्रार सिलिअकवाचूनही गव्हाने होऊ शकते. सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे जावे तर निदानाची वाट बंद झालेली! मग पुन्हा दोन ते आठ आठवडे रोज एक-दोन पोळ्यांइतका गहू डॉक्टरांच्या देखरेखीखाली खाऊन तपासणी करावी लागते, आणि ज्याला गव्हाचा खरोखर त्रास होतो त्याला हे दिव्य नकोसे होते. अशा प्रसंगी आनुवंशिक गुणांची तपासणी थोडी मदत करते. ते गुण नसतील तर सिलिअक जवळजवळ नाहीच असे सांगता येते. असतील तर काहीच सिद्ध होत नाही, कारण ते तिघांतल्या एका निरोगी माणसातही असतात. निदान पक्के नसेल तर पथ्यही पक्के राहत नाही. आवड म्हणून गहू सोडणाऱ्याने सणाला पुरणपोळी खाल्ली तर बिघडत नाही. सिलिअकच्या रोग्याला मात्र ती सवलत नाही, आणि आपण या दोघांपैकी कोण हे त्याला ठाऊक असलेच पाहिजे.

या व्याधीवर आजमितीस गोळी नाही, शस्त्रक्रिया नाही. आजन्म ग्लुटेनमुक्त आहार एवढाच उपचार. त्याचा एक भाग महाराष्ट्रात सोपा आहे आणि एक फार अवघड.

सोपा भाग असा, की जे अन्न इतर देशांत खास दुकानांतून चढ्या भावाने आणावे लागते, ते येथे शेतात पिकते. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरी, राजगिरा यांत ग्लुटेन नाही. डाळी, भाज्या, फळे, दूध, अंडी, मासे, मांस सारे चालते. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते, म्हणजे ती ठिसूळ हाडांच्या रोग्यास दुहेरी उपयोगाची. ताटात पिठले-भाकरी, भात-आमटी असली म्हणजे रोगी उपाशी राहत नाही, आणि उपवासाच्या दिवशी तर घरातील सर्वांचेच जेवण बहुधा त्याच्या पथ्यात बसते. दूध मात्र काहींना आरंभी पचत नाही. अंकुर भरून आले की पुष्कळांना ते पुन्हा मानवते.

अवघड भाग नकळत पोटात जाणाऱ्या गव्हाचा. रवा, मैदा, शेवया, दलिया, पाव, बिस्किटे हे गव्हाचेच अवतार, हे सर्वांना कळते. खपली गहू मधुमेह्यांना चांगला असे ऐकून सिलिअकचे रोगीही तो घेतात. तो गहूच आहे व त्यात ग्लुटेन आहे. थालिपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात गव्हाचा वाटा असतो. बाजारातील डबीबंद हिंगात पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो, आणि हिंगावाचून आपली फोडणी होत नाही! तांदळाचे पीठ मिसळलेला हिंग मिळतो, तो पाहून घ्यावा. जवाच्या माल्टची पेये, तयार सूप, सोया सॉस, काही औषधी गोळ्यांतील पूरक पीठ यांकडेही लक्ष हवे. ओट्स तत्त्वतः बहुतेकांना चालतात, पण त्यांत गव्हाची भेसळ सहज होते, म्हणून आरंभी टाळणे बरे.

त्याहून मोठा धोका गिरणीत असतो. गावच्या गिरणीत गव्हाचे दळण उतरले की त्याच जात्यात ज्वारी पडते आणि आधीच्या दळणाचे पीठ तिच्यात येते. किती पीठ घातक, हे मोजले गेले आहे. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेले तरी आतड्याला इजा होऊ शकते, असे आढळले आहे. एका पोळीत दोन ते तीन ग्रॅम ग्लुटेन असते; म्हणजे पोळीचा पन्नासावा भागही रोज गेला तर पुरे. तेव्हा ‘चिमूटभराने काय होते’ हा प्रश्नच उरत नाही. ऐपत असेल तर घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच दळू नये. नसेल तर गिरणीवाल्याशी बोलून, गिरणी पूर्ण झाडून झाल्यावर सकाळचे पहिले दळण आपले ठेवावे आणि आरंभी निघणारे शेर-दोन शेर पीठ घरातल्या इतरांसाठी काढून घ्यावे. ही तडजोड आहे, निर्धोक उपाय नव्हे. शक्य तेथे दोन-तीन कुटुंबांनी मिळून स्वतंत्र यंत्र घेणे अधिक चांगले, आणि महिला बचत गटांना यात एक छोटा उद्योगही सापडू शकेल. घरात परात, चाळणी, लाकडी पोळपाट-लाटणे आणि तवा वेगळा असावा. ज्या तेलात मैद्याच्या करंज्या तळल्या त्यात रोग्याचे पापड तळू नयेत. शिधापत्रिकेवर मिळणारा गहू बाकीचे घर खाणारच, त्यामुळे एका छपराखाली दोन धान्यांचा संसार चालवावा लागतो आणि त्याचे ओझे बहुतेक वेळा घरातील बाईवर पडते. रोगी तीच असेल तर, सर्वांच्या पोळ्या लाटून झाल्यावर दमलेल्या अवस्थेत स्वतःसाठी वेगळी भाकरी थापण्याऐवजी ती पोळीच खाऊन उठते. पथ्य मोडण्याचे हे कारण कोणत्याही पुस्तकात ठळकपणे लिहिलेले नसते.

बाजारातील बंद पाकिटांबाबत कायद्याचे साहाय्य आहे. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असता कामा नये, आणि २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्य वापरले असल्यास तसा उल्लेख पाकिटावर करावा लागतो. सुट्या मालाला असे संरक्षण नाही.

आपल्या समाजात आग्रह हा आदरातिथ्याचा भाग आहे. लग्नाच्या पंगतीत नको म्हणणे उद्धटपणाचे वाटते, आणि सत्यनारायणाचा प्रसाद तर नाकारूच नये असा संकेत. तो प्रसाद रव्याचा शिरा असतो. यजमानाने शेजारी फळे ठेवली तर रोग्याची आणि श्रद्धेची दोघांचीही सोय होते. प्रशिक्षण शिबिरे, निवडणुकीच्या कामावरील मुक्काम, वसतिगृहे, शासकीय उपाहारगृहे येथे पोळी-भाजीच्या डब्याऐवजी भाताचा एक वेगळा डबा मागणारा कर्मचारी नखरे करीत नसतो, एवढे समजून घेणे अधिकाऱ्यांच्या हाती आहे.

पथ्य सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच पुष्कळांना हुशारी वाटू लागते. आतडे भरून येण्यास मात्र प्रौढांत दोन वर्षे किंवा अधिक काळही लागतो. निदानाच्या वेळी लोह, फॉलिक आम्ल, बी-१२ व ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि गलग्रंथीची तपासणी करून उणीव असेल ती औषधाने भरून काढतात. हाडांची घनता मोजण्याचा सल्लाही प्रौढांना दिला जातो. टीटीजीची तपासणी सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी करतात. आकडा उतरत गेला की पथ्य पाळले जात असल्याचा तो पुरावा असतो. आकडा उतरेना किंवा तक्रारी जाईनात, तर प्रथम आहारतज्ज्ञांसमवेत स्वयंपाकघराची झडती घ्यावी, कारण बहुतेक वेळा कोठून तरी गहू शिरलेला असतो. पथ्य काटेकोर असूनही गुण न येणारे थोडे रोगी असतात. त्यांना मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञांकडेच पाठवावे लागते, कारण अशांमध्ये क्वचित आतड्याचा एक गंभीर कर्करोग उद्भवतो. बरे वाटते म्हणून पाच-सात वर्षांनी पोळी पुन्हा सुरू करणाऱ्याच्या आतड्यात झीजही पुन्हा सुरू होते, मग त्याला त्रास जाणवो वा न जाणवो.

आणि निदान झालेल्या व्यक्तीचे आईवडील, भावंडे व मुले यांची रक्ततपासणी त्याच महिन्यात करून घ्यावी. त्यांनी गहू सोडण्यापूर्वी.